नन्न स्वइच्छेयिंद: एका मोबाइलच्या जप्तीचं प्रकरण

"मोबाइल स्टेशनात आहे साहेब. खरं, केस काय नाही म्हणालेत."

मी बेळगावात वकील. माझ्याकडं आलेला एक मुलगा पहिल्या भेटीत एवढंच बोलला. बेळगावाबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. केस नाही, पण मोबाइल आहे. सगळं प्रकरण त्या एका वाक्यात होतं. मला ते उलगडायला तीन आठवडे लागले.

मुलगा २६ वर्षांचा. उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगवर कामाला, राहायला वेंगुर्ला रोडवरच्या एका खेड्यात. त्या रस्त्यानं बाची संपली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. त्याच्या गच्चीवर फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. गावाचं आणि पोलीस ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. वाचणाऱ्याला आपापलं ठाणं आठवेलच.

माझ्यासमोर बसला तेव्हा हातात आईचा बटणांचा फोन होता आणि तो सारखा उलटा-सुलटा करत होता. स्वतःच्या फोनचे सात हप्ते बाकी. गृहलक्ष्मीचे २,००० रुपये जमा झाल्याचा आईचा मेसेजही त्याच्याच नंबरवर येतो. त्या महिन्यात पैसे आले की नाही हे विचारायला आई बँकेत जाऊन रांगेत उभी राहिली होती. गोपनीयतेचा हक्क वगैरे शब्द त्याच्या तोंडी नव्हते. त्याला फोन हवा होता.

घडलं ते असं. गावच्या यात्रेसाठी म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी एक व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. यात्रा संपली, ग्रुप राहिला. पाणी कधी सुटणार, सिलिंडरची गाडी कुठवर आली, कोण वारलं, एकादशीला भजन कुणाकडे, असलं सगळं त्यावर. ३४० माणसं. अॅडमिन तिघं, त्यातला हा एक. २०२४ साली १ नोव्हेंबर ऐन दिवाळीत आला. सीमाभागात त्या तारखेला एकाच शहरात दोन दिवस असतात. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं हे दुखणं आहे. त्याचा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला, तो अजून तिथंच आहे. संभाजी उद्यानातून निषेध फेरी निघते, मराठा मंदिराकडं जाते, आणि त्या दिवशी पोलिसांचं निम्मं लक्ष फेरीवर तर निम्मं मोबाइलवर असतं.

आदल्या रात्री ग्रुपमधल्या एका पोरानं एक क्लिप टाकली. बसच्या काचा फुटताहेत, आरडाओरडा चाललाय. खाली ओळ: ‘आत्ताच, आपल्या गाडीवर’. क्लिप कुठल्या तरी जुन्या आंदोलनातली होती. आमच्या मुलानं सकाळी उठल्यावर ती पाहिली, घाबरला आणि अॅडमिनच्या अधिकारात सगळ्यांसाठी डिलीट केली. शहाणपणानंच केलं. पुढं हेच त्याच्या अंगावर आलं.

४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी पाचला फोन. ‘साहेबांनी बोलावलंय, येऊन जा.’ नोटीस नाही, कागद नाही. हा कामावरच्या कपड्यांतच गेला. फोन टेबलावर ठेवायला सांगितला. मग हवालदार म्हणाला, "प्याटर्न हाकी." यानं पॅटर्न काढला. पुढची पाऊण तास तो हवालदार फोन चाळत होता आणि हा समोर उभा राहून पाहत होता. ग्रुप, गॅलरी, बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो, पगाराच्या स्लिपा. एका मुलीशी चाललेलं बोलणं हवालदारानं थोडं वाचलं, हसला आणि पुढं गेला. मला हे सांगताना मुलगा टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होता.

क्लिप सापडेना. ‘तुम्ही हा मेसेज डिलीट केला’ एवढी ओळ तेवढी राहिलेली. "पुरावा नष्ट केलास काय?" असा आवाज चढला. मग हवालदारानं स्वतःचा मोबाइल काढला आणि ग्रुपमधल्या सभासदांची यादी पानापानानं सरकवत तिचे फोटो काढले. ३४० नंबर. शेवटी कन्नडमध्ये टाइप केलेला एक कागद पुढं आला. "सही माडी." यानं केली. प्रत मिळाली नाही. "दोन दिवसांनी ये."

दोन दिवसांनी गेला तर तेच उत्तर. चौथ्या दिवशी माझ्याकडं आला.

*

आता कायद्याचं बघू. पण त्याआधी पोलिसांची बाजू, कारण ती खोटी नव्हती. सीमेवर जुन्या क्लिपला ‘आत्ताच’ असं लिहिणं म्हणजे गवताच्या गंजीजवळ काडी ओढणं. इकडं एक गाडी अडली की तासाभरात तिकडं दुसरी अडते आणि कोगनोळीच्या नाक्यापासून शिनोळीपर्यंत बंदोबस्त लागतो, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की मोजणं सोडलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये समाजात वैर पसरवण्याची जी कारणं दिली आहेत त्यात ‘भाषा’ हा शब्द स्पष्ट आहे. गुन्हा दखलपात्र आहे. क्लिप टाकणाऱ्यावर नोंद करून तपास करायला पोलिसांना कुणी अडवलं नव्हतं.

त्यांनी नोंदच केली नाही. घोळ इथून सुरू होतो, कारण फोनला हात लावण्याचा जो जो रस्ता कायद्यानं ठेवलाय तो तपासातून जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ९४ खाली वस्तू हजर करायला सांगता येते, आणि त्यात आता संपर्काची उपकरणंही शब्दानिशी घातली आहेत. पण तो आदेश लेखी हवा. कलम १०६ खाली संशयित वस्तू जप्त करता येते. मग मॅजिस्ट्रेटला लगेच कळवावं लागतं. कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडती घेता येते. त्याआधी तशी निकड का पडली हे अधिकाऱ्यानं लिहून ठेवावं लागतं. आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडं धाडायचं असतं, तेही शक्यतो मोबाइलवरच. त्या खोलीत मोबाइल दोन होते. एकानं दुसऱ्याचे फोटो काढले, पण जप्तीचं चित्रण काही झालं नाही.

बोलावणंही तोंडी. कलम ३५(३) ची नोटीस हा साधा कागद असतो आणि तो माणसाचं पुष्कळ रक्षण करतो, कारण त्यावर तारीख, वेळ आणि कारण असतं. पुढं जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवलेलीही चालणार नाही असं बजावलं. इथं तर नुसता ‘येऊन जा’.

अॅडमिन म्हणून त्याची जबाबदारी किती, हा प्रश्न गावात सगळ्यांना पडला होता. मला फारसा पडला नाही. सभासदानं टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, दोघांचा समान उद्देश दाखवावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तेच म्हटलं. कर्नाटकातल्या कोर्टाला हे निकाल बंधनकारक नाहीत, पण वजन आहे.

*

बंधनकारक निकाल आमच्याच राज्यातला आहे आणि बेळगावात तो फार कमी वेळा उघडला जातो. वीरेंद्र खन्ना विरुद्ध कर्नाटक राज्य, १२ मार्च २०२१, न्यायमूर्ती सूरज गोविंदराज. बेंगळुरूच्या एका अमली पदार्थांच्या प्रकरणात खालच्या कोर्टानं आरोपीला फोन उघडून द्यायला आणि पॉलिग्राफला, म्हणजे खोटं पकडण्याच्या चाचणीला, सामोरं जायला सांगितलं होतं. उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि मोबाइलची झडती कशी घ्यायची याचा पाठच घालून दिला.

निकाल संपूर्णपणे माणसाच्या बाजूचा आहे असं समजू नका. पासवर्ड सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, घटनेच्या कलम २०(३) चं संरक्षण त्याला नाही, असंच त्यात म्हटलंय. १९६१ च्या काठी कालू ओघड निकालात बोटाच्या ठशाला जी वाट दिली होती तीच पासवर्डला. दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयानं २०२२ मध्ये उलट मत दिलं. मला व्यक्तिशः तेच पटतं, कारण ठसा बोटावर असतो आणि पॅटर्न डोक्यात. पण मी वकिली बेळगावात करतो. इथं खन्ना निकाल चालतो आणि त्यात आमच्या उपयोगाचं भरपूर होतं. पासवर्ड मागायला तपास अधिकाऱ्याचा आदेश हवा. माणसानं नाही म्हटलं तर वॉरंटसाठी कोर्टात जायचं. अगदी निकड असेल तर वॉरंटशिवाय झडती, पण कारणं लिहून. सोबत जाणकार तपासनीस असावा. फोन सिग्नल तोडणाऱ्या पिशवीत बंद करावा. जप्त केलेलं उपकरण उघडून चाळत बसू नये. आणि त्यातली माहिती कोर्टाच्या परवानगीशिवाय तिसऱ्याच्या हाती जाऊ नये.

‘चाळत बसू नये’ यामागं नुसती सभ्यता नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं असतं त्याच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य भरावं लागतं. हॅश म्हणजे माहितीची सीलबंद मोहर. एक अक्षर हललं तरी मोहर बदलते. पाऊण तास अंगठा फिरवलेल्या फोनमध्ये नंतर काय सापडलं नि काय घातलं गेलं, हे कोण सांगणार? गुन्हा खरंच असता तर त्या हवालदारानं आपल्याच साहेबांची केस त्या टेबलावर मारली असती.

मग पोलीस बिनधास्त का असतात? कारण आपल्याकडं बेकायदा मार्गानं मिळवलेला पुरावाही बहुतेक वेळा ग्राह्य धरला जातो. मुंबईच्या कॉरोनरच्या टेलिफोन संभाषणावरचा मलकानी निकाल आणि त्याच सुमाराचा, प्राप्तिकर छाप्यांवरचा पूरनमल निकाल अजून शिरावर बसलेत. चुकीची किंमत पुराव्यानं मोजावी लागत नाही म्हटल्यावर नियम पाळायला निमित्त उरतं कुठं.

इथं मला एक तुलना सुचते, ती मी कोर्टातही केली. कुणाचा फोन ऐकायचा असेल तर ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरच्या १९९६ च्या निकालानंतर आणि त्यावर बेतलेल्या नियमांनुसार गृहसचिवाची सही लागते. आदेशाला मुदत ६० दिवसांची, वाढवत नेली तरी १८० च्या पुढं नाही, वर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची आढावा समिती. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले त्यातही सांगाडा हाच. ही व्यवस्था मोठी कडक आहे असं मी म्हणणार नाही; सरकारच सरकारला तपासतं, न्यायाधीश कुठंच नाही. तरी निदान कुणाची तरी सही असते. म्हणजे माझं उद्याचं दोन मिनिटांचं बोलणं ऐकायला बेंगळुरूहून गृहसचिवाचा आदेश, आणि गेल्या आठ वर्षांत मी जे जे लिहिलं, पाहिलं, काढलं ते वाचायला एक टेबल आणि ‘प्याटर्न हाकी’. पाळत म्हटलं की लोकांना पेगॅसस आठवतं. आमच्या भागात ती चहाच्या कपाशेजारी ठेवलेल्या तुमच्याच फोनमधून होते. आणि फोन एकाचा असला तरी त्यात पाहिलं गेलं ३४० जणांना. त्यातल्या ३३९ जणांना कुणी बोलावलं नाही, विचारलं नाही, क्लिप टाकणारा सोडला तर त्यांच्यावर संशयही नव्हता. घाऊक पाळत याहून वेगळी काय असते?

*

८ नोव्हेंबरला मॅजिस्ट्रेट कोर्टात कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज दिला. अर्ज माझ्या शेजारी बसणाऱ्या कन्नड मित्रानं कन्नडमध्ये बेतला. कोर्टात मी इंग्रजीवर निभावतो, पण ठाण्याशी पत्रव्यवहार असेल तर त्याचा हात लागतो. सीमाप्रश्नावर आमचं दोघांचं वीस वर्षांत एकदाही पटलेलं नाही. हा अर्ज लिहिताना मात्र त्यानंच माझ्यापेक्षा जास्त रागानं परिच्छेद वाढवले. त्याच्या भाच्याचाही फोन असाच दुसऱ्या कुठल्या तरी ठाण्यात महिनाभर होता, आणि तो मुलगा शुद्ध कन्नडिग. पलीकडं महाराष्ट्रातली ठाणीसुद्धा याबाबतीत मागं नाहीत, हे चंदगडच्या वकिलांना विचारा.

कोर्टानं पोलिसांचा अहवाल मागवला. तारीख पडली, पुन्हा पडली. १९ तारखेला अहवाल आला: फोन जप्त केलेलाच नाही, अर्जदारानं ‘स्वखुशीनं’ चौकशीसाठी आणून दिला. सोबत तो कागद.

कोर्टाच्या व्हरांड्यात मित्रानं तो मोठ्यानं वाचला. मी आणि मुलगा ऐकत होतो. सरकारी कन्नडची लांबलचक वाक्यं, तारीख, फोनचं मॉडेल, मग: "...नन्न स्वइच्छेयिंद..."

मुलगा मध्येच बोलला, "म्हणजे स्वइच्छेनं काय?"

"हो. माझ्या स्वतःच्या इच्छेनं."

तो हसला. वाईट हसला. शब्द कानाला ओळखीचा होता, तोच संस्कृतातला. त्या दिवशी टेबलावर तो लिपीआड बसला होता एवढंच.

आता या ठिकाणी आमची बाजू लंगडी होती आणि ते लपवून उपयोग नाही. मुलगा मराठी माध्यमात शिकला, पण कन्नड विषय दहावीपर्यंत होता. बसच्या पाट्या वाचतो, फौंड्रीत कन्नड बोलतो. ‘वाचता येत नव्हतं’ असं शपथपत्रावर लिहायला मी नकार दिला. खरी गोष्ट अशी होती की वाचायला वेळ दिला नाही, प्रत दिली नाही, आणि दिली असती तरी त्या खोलीत ‘नाही’ म्हणायची त्याची छाती नव्हती. घरी वडील म्हणत होते, वकील कशाला गाठतोस, रौडी शीट उघडतील, म्हणजे ठाण्याच्या गुंडांच्या यादीत नाव घालतील. संमती हा शब्द अशा माणसाच्या सहीला लावायचा?

माझ्या मते या सगळ्या कायद्यातलं खरं भगदाड इथं आहे. वॉरंट हवं, कारणं हवीत, चित्रण हवं, हे सगळं झडतीला लागू. माणसानंच दिलं म्हटलं की झडती उरतच नाही, आणि खन्ना निकालातली एकूण एक अट त्या एका शब्दाखालून निसटते. त्यावर मी अर्जात सेल्वी निकाल घातला. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, ५ मे २०१०. तोही आमच्याच राज्याच्या नावानं. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करायचं नाही. आणि पॉलिग्राफची संमतीसुद्धा वकिलाचा सल्ला घेऊ देऊन, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची. यंत्राला माणसाच्या डोक्यात तासभर डोकावू द्यायला मॅजिस्ट्रेट लागतो, तर आठ वर्षांचं डोकं ज्यात साठवलंय तो फोन उघडायला हवालदारापुढची सही कशी पुरते? युक्तिवाद माझा आहे. कुठल्या कोर्टानं तो याच शब्दांत उचलून धरलेला नाही.

दुसरी गंमत भाषेची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ६ मध्ये म्हटलंय की संमती मागायची ती साध्या, स्पष्ट भाषेत, आणि ती मागणी इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा. मराठी आठव्या परिशिष्टात आहे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या तरतुदींना त्यापुढं १८ महिन्यांची सवड दिली. म्हणजे उद्या कर्ज देणाऱ्या कुठल्याशा अॅपला आमच्या मुलाची फोनबुक बघायची असेल तर मराठीत विचारायची सोय ठेवावी लागेल. पोलिसांना नाही. कलम १७ नं गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांना त्या अटींतून वगळलंय. शिवाय केंद्रानं अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना तर जवळपास सगळ्याच कायद्यातून. अॅपवाल्याला सक्ती आणि ज्याच्या कमरेला बेड्या त्याला सूट.

गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या पुट्टस्वामी निकालाची कसोटी लावली तर काय दिसतं? २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीश, एकमत. ज्यांच्या नावानं तो ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आधारविरुद्ध २०१२ मध्ये कोर्टात गेले तेव्हा ऐंशी ओलांडलेले. आमच्या प्रकरणाच्या काही दिवस आधीच, ऑक्टोबर २०२४ अखेर ते वारले. १९५४ चा एम. पी. शर्मा आणि १९६२ चा खरकसिंग हे निकाल दाखवून सरकार म्हणत होतं की असा मूलभूत हक्कच नाही. नऊ जणांनी ते मोडून काढलं. सरकारला खासगीपणात शिरायचं तर आधी कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मापाचा हवा. आमच्याकडं हेतू रास्त होता, मी आधीच कबूल केलंय. आधार नव्हता, तोंडी ‘येऊन जा’ हा कुठल्याच व्याख्येनं कायदा होत नाही. आणि माप? त्यांना हवी होती एक क्लिप, ती टाकणाऱ्याचा नंबर आणि वेळ. दोन पंचांसमोर त्या एका ग्रुपचं संभाषण काढून घेता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. त्यांनी साखरपुड्याचे फोटोही पाहिले.

*

२५ नोव्हेंबरला आदेश झाला. पाऊण पान. १०,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर फोन परत, विकायचा नाही, बोलावल्यास हजर करायचा. संमतीबद्दल एक अक्षर नाही, खन्ना निकालाचा उल्लेख नाही. ‘काढलेल्या प्रती व छायाचित्रं नष्ट करावीत’ अशी एक ओळ मी अर्जात घातली होती. त्यावर मॅजिस्ट्रेट बाई चांगल्या शब्दांत म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही, धारवाडला जा. त्यांचं चुकलं नाही. बेकायदा टॅप केलेली संभाषणं नष्ट करायला मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात लावलं होतं, पण ते रिट होतं, म्हणजे थेट उच्च न्यायालयातली याचिका. आमचं रिट म्हणजे कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ.

मी मसुदा तयार केला. मुलाला बोलावलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेपरात नाव येतंय काय?" येऊ शकतं, म्हटलं. "मग राहू दे साहेब." एकवीस दिवसांत त्याचे चार खाडे झाले होते. फोन मिळाला होता, कोपऱ्याला बारीक चरा पडलेला, बॅटरी संपलेली. चार्जरला लावल्यावर पहिल्यांदा त्यानं आईचा मेसेज शोधला. २,००० आले होते.

मी त्याला फार आग्रह केला नाही. करायला हवा होता की काय, हे मला अजून ठरवता येत नाही.

सभासदांच्या यादीचे ते फोटो कोर्टाच्या कुठल्याच कागदावर नव्हते. अहवालात नव्हते, पंचनामा नव्हताच. हवालदाराच्या खासगी फोनमध्ये होते, म्हणजे कायद्याच्या लेखी कुठंच नव्हते. त्यामुळं ते कुणाकडं गेले हे विचारायलाही जागा नव्हती.

९ डिसेंबरला बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होणार होतं. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा जाहीर करते, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, आणि आधीचा आठवडा परवानगी मिळणार की नाही यात जातो. ६ तारखेला मुलाचा मला फोन आला. गावात फोन सुरू झाले होते. पोलिसांकडून. मंडळाचा खजिनदार, दूध डेअरीतला क्लार्क, एक निवृत्त मास्तर. समितीच्या सभेला कधी न गेलेली माणसं. त्यांच्यात एकच गोष्ट समान होती.

त्याच्या आत्यालाही आला. ती ग्रुपवर भजनाची वेळ कळावी म्हणून होती. पलीकडचा माणूस मोडक्या मराठीत विचारत होता, सोमवारी व्हॅक्सिन डेपोला जाणार काय? आत्या म्हणाली, "मी घेतल्याती की दोन्ही. आता आनी कसली लस?" पलीकडं क्षणभर कुणी बोललं नाही, मग फोन बंद झाला.

गावात दोन दिवस ती गोष्ट हसत हसत फिरली. तिसऱ्या दिवशी आत्या ग्रुपमधून बाहेर पडली. तिच्यामागं बरेच जण. फेब्रुवारीत मुलगा हप्त्याच्या एका कागदासाठी आला तेव्हा मी सहज विचारलं, ग्रुपचं काय? २१२ उरलेत, म्हणाला. सेटिंग बदललंय, आता फक्त अॅडमिनच लिहितात. काय लिहिता? त्यानं फोन पुढं केला. नवा पॅटर्न काढून, मला दिसणार नाही असा तळहात आडवा धरून. सगळ्यात वर सकाळचा मेसेज होता: ‘पाणी साडेसहाला.’ त्याच्याखाली आदल्या दिवशीचा: ‘पाणी साडेसहाला.’